लार्प खेळणारी मोठी माणसं खरं-खोटं विसरतात का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ फोमची तलवार घेऊन लार्पला, म्हणजे वेश करून एखादं पात्र प्रत्यक्ष वठवण्याच्या खेळाला, जातो, दोन दिवस भलत्याच नावाने वावरतो, बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. तर या लोकांना खरं-खोटं कळतं का? मी स्वतः खेळत नाही, खेळणाऱ्यांसाठी तलवारी बनवतो. म्हणजे तुमच्यासारखाच बाहेरचा. पण 'पोरखेळ' हा शब्द खटकला म्हणून लिहितोय.

भावाची तलवार एकदा हातात घ्या. आत ८ ते १० मिलिमीटर जाडीचा फायबरग्लासचा रॉड असतो. त्याची दोन्ही टोकं घासून गोल करायची आणि वर चामड्याची टोपी चिकटवायची. हे कशासाठी? तलवार शेकडो वेळा फिरते, तेव्हा रॉड आतल्या आत पुढे सरकत राहतो आणि टोपी नसेल तर एक दिवस फोम फाडून बाहेर येतो. फोमचे तीन थर. मधल्या थरात रॉड बसेल एवढीच खाच कापायची, आणि रॉड संपल्यावर पुढे निदान पाच सेंटिमीटर नुसता फोम राहू द्यायचा. योगा मॅट कापून तलवार करू नये. ती फार मऊ असते, महिन्याभरात दबते आणि मग फटका थेट रॉडचा बसतो.

बहुतेक तलवारी बिघडतात त्या चिकटवताना. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावून वाळवायचा गोंद) दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. घाई केली तर सॉल्व्हंट, म्हणजे गोंदातला उडून जाणारा द्रव, आत अडकतो, फुगे येतात आणि पहिल्याच लढाईत पातं सुटतं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनने खुणा करून घ्या. नंतर लेटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, सहा ते आठ पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. एकच जाड हात दिला तर तो वाकताना तडकतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. खेळाआधी प्रत्येक हत्याराची तपासणी होते. तपासणारा तलवारीचं टोक चिमटीत धरून दाबतो. आतला कडक भाग बोटाला लागला की तलवार बाद. मग पातं वाकवून रॉड तडकलाय का बघतो, शेवटी स्वतःच्या उघड्या हातावर मारून बघतो. बाणाचं फोमचं डोकं पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद लागतं, कारण ते डोळ्याच्या खोबणीत शिरता कामा नये. डोक्यावर वार बहुतेक ठिकाणी बंद. बाकीचा वारही पोचायच्या आधी मनगटात आवरायचा. एक घाव दोन तुकडे करायला निघालेल्याला इथे मैदानाबाहेर काढतात.

खरं-खोटं विसरलेली माणसं असं वागतात का? ब्रिटनमधल्या खेळांत कुणाला खरंच लागलं की 'मॅन डाउन' अशी हाक देतात आणि सगळे जिथल्या तिथे थांबतात. नॉर्डिक देशांत 'कट' म्हटलं की प्रसंग थांबतो, 'ब्रेम्स' म्हटलं की जोर कमी करायचा. रागाने ओरडणारा राजा पुढच्या क्षणी गुडघ्यावर बसून पडलेल्याचा पाय बघतो. दोन्ही भान एकाच वेळी ठेवावी लागतात. आणि हे कालचं फॅड नाही. इंग्लंडमध्ये पेकफर्टनच्या किल्ल्यात १९८२ साली असे खेळ सुरू झाले. डेन्मार्कमध्ये हॉब्रो इथे २००६ पासून एक निवासी शाळा भूमिका खेळवूनच विषय शिकवते.

दुकानातून आणलेली तलवार तपासायची गरज नाही म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. दुकानातली तलवार घेतली त्या दिवशी सुरक्षित असते. चार वर्षं उन्हात ठेवलेलं लेटेक्स चिकट होतं, सोलतं, आणि आतला रॉड हललाय की नाही हे बिलावर लिहिलेलं नसतं. दर खेळाआधी तपासा, कुणी बनवली हे विचारूच नका.

आता एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण तुमची शंका अगदीच निराधार नाही. पात्राचं दुःख किंवा राग खेळ संपल्यावरही अंगात राहू शकतो. खेळणारे त्याला 'ब्लीड' म्हणतात. खेळात ज्याने दगा दिला, त्याच्याशी नंतर चहा पितानाही बोलणं जड जातं. त्यावर उपाय ठरलेला आहे: वेशभूषा उतरवायची, चार-पाच जणांत बसून आपापल्या खऱ्या नावाने बोलायचं, ज्याच्याशी भांडलो त्याला शोधून भेटायचं. तलवारी तपासण्यात तासभर घालवून हे अर्धा तास बसणं उरकून टाकणारे आयोजक मला पटत नाहीत. भाऊ कुठल्या आयोजकांकडे जातो आणि तिथे हे होतं का, एवढं विचारा. तो खेळून आला की दोन दिवस त्याच्याशी पैशाचे किंवा नात्याचे वाद काढू नका.

आणि तलवार घरी कशी ठेवतो तेही बघा. कोपऱ्यात टोकावर उभी असेल तर आजच आडवी ठेवायला सांगा. तशी उभी राहिली की सगळं वजन त्या पाच सेंटिमीटर फोमवर येतं.