हॅट घेतलीस, आता हे ऐक

फेल्ट हॅट शोभते रे तुला. पण ती आपल्या टोपीच्या चालीने चालत नाही. काळी टोपी किंवा पगडी पूजेला, वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरच ठेवायची. उघडं डोकं म्हणजे बेअदबी, असं आमचे आजोबा मानत. हॅटचं नेमकं उलट: घरात शिरताना, जेवताना, राष्ट्रगीताला ती हातात.

ग्वाल्हेरात तर आणखी गंमत. किल्ल्यावरच्या दाता बंदीछोड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायलाच हवं, पण हॅटने नव्हे. खिशात रुमाल ठेव. शहरातल्या हजीरा भागात तानसेनच्या समाधीजवळ सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे, तिथेही तोच कामी येतो.

डिसेंबरात तिथे तानसेन समारोह, म्हणजे शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो. थंडी मरणाची, म्हणून कानटोपी खुशाल घाल. रुंद काठाची हॅट नको. मी एकदा तशी घालून पुढे बसलो, तर मागच्या आजींनी काठी टोचली. "अहो, आलाप ऐकू येतोय, गवई कुठाय?"

हॅट काढताना शेंड्याला चिमटीत धरू नकोस, फेल्ट तिथेच चिरतं. काठाला धर. लग्नासाठी शिंदेशाही पगडी आणलीस तर ती दोन्ही हातांनी उचल, आणि पलंगावर तर मुळीच टाकू नकोस.