वाचकांचे प्रश्न : पहिल्या फोलिओचे जुने मालक

प्रश्न : शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा १६२३ सालचा मोठ्या आकाराचा संग्रह, म्हणजे ‘पहिला फोलिओ’ घ्या. आत नाव नसतानाही अमुक प्रत अमक्याची होती, असे अभ्यासक कशावरून सांगतात?

उत्तर : आधी बांधणी पाहावी. त्या काळी पुस्तके बरेचदा बांधणीविना विकली जात आणि गिऱ्हाईक ती आपल्या पसंतीच्या बाइंडरकडे देई. म्हणून मूळ बांधणी शाबूत असेल, तर पहिल्या मालकाचा माग तिथेच लागतो. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने आपली प्रत फेब्रुवारी १६२४मध्ये विल्यम वाइल्डगूज या बाइंडरकडे पाठवली होती. पुढे १६६४ची तिसरी आवृत्ती आल्यावर ही जुनी प्रत जादा ठरून विकली गेली. १९०५मध्ये एका घराण्याकडची प्रत सल्ल्यासाठी तिथे आणली गेली, तेव्हा पुठ्ठ्यावर साखळी अडकवल्याची खूण दिसली. त्या ग्रंथालयात मोठी पुस्तके साखळीने फळीला बांधलेली असत. बांधणीही वाइल्डगूजचीच निघाली. वर्गणी गोळा करून १९०६मध्ये ३,००० पौंडांना ती परत घेतली. कोणी नवे कातडे चढवून पुठ्ठा फेकून दिला असता, तर हा पुरावाच उरला नसता.

त्यानंतर समास. फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीतील प्रतीत नाव नाही, पण समासात दुरुस्त्या आणि खुणा आहेत. अभ्यासक क्लेअर बोर्न यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. तो वाचून दुसरे अभ्यासक जेसन स्कॉट-वॉरन यांनी २०१९मध्ये हे हस्ताक्षर कवी जॉन मिल्टनचे असल्याचे मांडले. अशा वेळी एखाददुसरे अक्षर जुळून भागत नाही. अक्षरांची वळणे, खुणा करायची सवय आणि लिखाणाचा काळ, सगळे एकत्र जुळावे लागते.

समासात काहीच नसेल, तर पान पूर्वी धुतलेले असू शकते. एकोणिसाव्या शतकात ‘स्वच्छ’ प्रतीला भाव येई, म्हणून पाने रसायनात धुऊन जुनी शाई घालवत. आमच्या मते या पुस्तकाचे सर्वांत मोठे नुकसान त्या धुलाईने केले. तरीही अतिनील दिव्याखाली पुसलेली लोहयुक्त शाई पुष्कळदा काळपट उमटते. कडेला शब्द अर्धे तुटलेले दिसले, तर पुन्हा बांधताना कडा कापल्या गेल्या असे समजावे.

प्रश्न : प्रतीतली पाने पूर्ण आणि अस्सल आहेत, हे कसे तपासावे?

उत्तर : पृष्ठांक मोजू नका, ते मुळातच चुकलेले आहेत. ‘हॅम्लेट’मध्ये १५६नंतर थेट २५७ येते. तीन कागद एकात एक घालून दुमडले की सहा पानांचा, म्हणजे बारा पृष्ठांचा फॉर्मा होतो. बहुतेक फॉर्मे असेच आहेत. प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या तीन पानांच्या तळाशी त्या फॉर्म्याची खूण म्हणून अक्षरे असतात, ती क्रमाने लावून पाहावी. पृष्ठाच्या तळाशी छापलेला शब्द पुढच्या पृष्ठाच्या सुरुवातीशीही जुळायला हवा. अनुक्रमणिकेत ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ नाही, हा दोष समजू नये. ते नाटक छपाईत उशिरा घुसवले गेले.

सर्वाधिक बदललेले पान म्हणजे चित्र असलेले शीर्षकपान. जॉन हॅरिससारखे कारागीर हरवलेली पाने जुन्या कागदावर हाताने इतकी हुबेहूब उतरवत, की वरवर पाहून फसगत होते. म्हणून दोन चाचण्या कराव्यात. पान उजेडासमोर धरून कागद बनवताना त्यात उमटलेल्या साच्याच्या जाळीच्या रेषा शेजारच्या पानांशी ताडाव्यात. मग दिवा पानाच्या कडेला, अगदी आडवा धरावा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या टाइपाच्या छपाईत अक्षर कागदात दबलेले असते, त्याचा खळगा सावलीत दिसतो. हाताने काढलेले पान सपाट दिसते.

प्रश्न : चोरीची प्रत ओळखता येते का?

उत्तर : नोंदी नीट असतील तर येते. डरहॅम विद्यापीठातून १९९८मध्ये गेलेली प्रत २००८मध्ये वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात तपासणीसाठी आणली गेली. बांधणी आणि शीर्षकपान काढून टाकलेले असूनही ती ओळखली गेली. म्हणून संग्रहातल्या प्रत्येक प्रतीची पानाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. डाग, किड्यांची भोके, दुरुस्त्या आणि हस्तलिखित खुणा कोणत्या पानावर आहेत, याचीही नोंद ठेवावी आणि त्या पानांची छायाचित्रे घ्यावीत.