तीनशे रुपयांची कुर्ली

गेल्या वेळी लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून कागदावर काढलेल्या छाप्यांच्या, शाईविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत शाईबद्दल एकच प्रश्न, बाकी सगळे 'विकायचं कितीला?' याबद्दल. त्यातले काही इथे घेतलेत. नावं गाळून गावं तेवढी ठेवली आहेत.

मी लिनोकट करते. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, एक चित्र आहे, २० बाय २५ सेंटिमीटर, २५ प्रतींचं एडिशन (एका चित्राच्या ठरवून तेवढ्याच काढलेल्या प्रती). इन्स्टाग्रामवर लोक 'कितीला?' विचारतात, मी ३५० सांगते. सहा गेल्या. मैत्रीण म्हणते ३०० ठेव, पटापट जातील. खरं सांगायचं तर मी स्वतः यापेक्षा जास्त दिले नसते. बरोबर चाललंय का? (देवगड)

नाही. आधी ते 'मी स्वतः दिले नसते' डोक्यातून काढा. तुम्हाला लिनो कापता येतो, तुम्ही कशाला विकत घ्याल? ज्याच्या घरची होडी आहे तो बाजारात सुरमई घेत नाही, म्हणून तो सुरमईचा भाव पाडतो का?

तुम्ही पत्रात खर्च लिहून पाठवलात ते फार बरं केलंत. लिनो २०० रुपये, शाई ४००, कागद एका प्रतीला ९०. पण कागद तुम्ही २५ धरलाय. ३० धरा. पहिल्या दोन-तीन छाप्यांत शाई कमी-जास्त बसते, एक सरकतो, एकावर बोट उठतं. देवगडात राहणाऱ्याला हे मी काय सांगायचं? पेटीचा भाव काढताना बागायतदार झाडावरून उतरवलेला आंबा मोजत नाही. डागी, दबलेला बाजूला काढून उरतो तो मोजतो, आणि वर पेंढा, खोका, हमाली, दलाली चढवतो. तेव्हा कागदाचे झाले २७००. लिनो, शाई धरून ३३००. हत्यारांना धार, टर्पेंटाइन, चिंध्या, वीज यांचे ७०० धरू. एकूण ४०००.

आता वेळ, जो तुम्ही धरलेलाच नाही. तुमच्या कुर्लीचा फोटो मी मोठा करून पाहिला. डाव्या नांगीवरचे ठिपके व्ही-टूलने, म्हणजे व्ही आकाराच्या कोरणीने, एकेक करून उचललेत, मोठ्याकडून बारीककडे जात, आणि सांध्यापाशी दोन ठिपके मुद्दाम सोडून दिलेत, म्हणून तिथे नांगी वळल्यासारखी वाटते. त्या एका नांगीला दीड तास तरी गेला असणार. रेखाटन आणि कापणं १४ तास, कागदाची पाठ घासून ३० प्रती काढायला १०, सह्या, फोटो, लोकांना उत्तरं देणं, बांधाबांध यांचे ६. झाले ३० तास. तासाला २०० रुपये धरा. कसबाच्या कामाला हे काही जास्त नाहीत. ६००० होतात.

एकूण १०,०००. भागिले २५ केलं तर एका प्रतीला ४०० पडतात. म्हणजे ३५०ला विकताना तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पदरचे ५० रुपये देताय, पॅकिंगचे ६० वेगळेच. ३००ला विकलंत तर खरंच पटापट जातील. बाजारात खाडीतली चांगली भरलेली कुर्ली घ्यायला गेलात तर कोणी इतकी स्वस्त देणार नाही, आणि ती तर एका जेवणात संपते.

आणि २५च्या २५ या वर्षी जातील हे कुणी सांगितलं? मी नेहमी १५ गेल्या असं धरून हिशेब करते. १०,००० भागिले १५, म्हणजे ६६७. उद्या मालवणच्या एखाद्या दुकानदाराने ठेवून घेतल्या तर तो शेकडा ४० कापणार. १२०० किंमत असेल तर तुमच्या हाती ७२० येतात, ६६७ वजा जाता थोडे उरतात. म्हणून १२००. घरून विकतानाही १२००च. दुकानात १२०० आणि इन्स्टाग्रामवर ८०० असं केलंत तर तो दुकानदार दुसऱ्यांदा तुमचा माल ठेवणार नाही, आणि त्याचं काही चुकणार नाही. घरून विकल्यावर जे जास्त सुटतात तो तुमच्या फोटो-पोस्ट-पॅकिंगचा मोबदला.

एकदम ३५०वरून १२०० कसं सांगू, हा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. सरळ लिहा: सोमवारपासून या चित्राची किंमत १२००. कारणं देत बसू नका. आणि ११९९ करू नका. ९९ चपलेला शोभतं.

नातेवाईक आणि ओळखीचे 'आपल्यांत कसले पैसे' म्हणतात. फुकट दिलं तर भिंतीवर लावतात, विकत घे म्हटलं तर गप्प. (चिपळूण)

मावशी-काकांना द्यायचं तर प्रेमाने भेट द्या, मागे 'सप्रेम' लिहा. अर्ध्या किमतीत मात्र कुणालाच देऊ नका. भेट ही भेट असते. अर्धी किंमत हा गावभर पसरणारा भाव असतो, आणि चिपळुणात तो बाजारपेठेपासून गोवळकोटपर्यंत पोचायला एक दुपार पुरते.

एडिशन किती प्रतींचं ठेवायचं? जास्त ठेवलं तर स्वस्त देता येईल म्हणून मी ५०० लिहायच्या विचारात आहे. आणि १/३०, म्हणजे तिसांतली पहिली, ही प्रत ३०/३० पेक्षा महाग असते का? (रत्नागिरी)

५०० प्रती हाताने? मी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या लाकडी चमच्याच्या पाठीने घासते, एका प्रतीला दहा मिनिटं. पाचशेला ८३ तास. खांदा तुमचा आहे, बघा. लिनो तरी टिकतो. ड्रायपॉइंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र, करत असाल तर सुईने वर आलेली धातूची कड दहा-पंधरा छाप्यांनंतर बसायला लागते आणि ती मखमली रेघ जाते.

आणखी एक. ५०० लिहून ४० छापल्या आणि पुढचा नवा लिनो कापायला घेतला, हे सगळ्यांचंच होतं. मग उरलेल्या ४६० चा तुमच्या भावावर उगाच भार. २० ते ३० लिहा आणि तेवढ्या खरोखर छापून ठेवा. समासात खाली डावीकडे ७/३०, मध्ये नाव, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलीने. कलाकाराच्या स्वतःच्या प्रती, ए.पी., साधारण दहा टक्के, म्हणजे तिसात तीन. त्या लगेच विकू नका.

१/३० आणि ३०/३० या सारख्याच. आकडा लहान म्हणून चित्र चांगलं होत नाही. भाव वाढवायचा तो प्रती कमी उरत जातील तसा: पहिल्या पंधरा १२००, पुढच्या दहा १५००, शेवटच्या पाच २०००. खाली कधीच आणायचा नाही, ज्याने आधी घेतलं त्याचं नुकसान होतं. आणि तीस संपल्यावर 'मागणी होती म्हणून' एकतिसावी काढायची नाही. वेगळ्या रंगात काढलीत तर ते वेगळं एडिशन आहे हे विकताना स्पष्ट लिहा.

मी जलरंगात चित्रं करतो आणि त्यांचे डिजिटल प्रिंट भारी कॉटन कागदावर काढून घेतो. सही मी स्वतः करतो. 'हॅन्डमेड प्रिंट' म्हणून लिनोवाल्यांच्या भावात विकले तर चालेल ना? (गुहागर)

सही हाताने केली म्हणून प्रिंट हाताचा होत नाही. यात माझं मत बाजूला ठेवा, कराच्या वर्गवारीतही हा फरक आहे. ९७०२ या शीर्षकाखाली मूळ एन्ग्रेव्हिंग (कोरीव ठशाचे छापे), प्रिंट आणि लिथोग्राफ (दगडी छापे) येतात, आणि त्यात कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट काढलेलेच छापे धरतात. यांत्रिक किंवा फोटोवरून काढलेले वगळले आहेत.

यात डिजिटल प्रिंटचा अपमान नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो चित्र घराघरांत पोचावं म्हणूनच, आणि कोकणातल्या कितीतरी माजघरांत ती लक्ष्मी अजून आहे. तेव्हा 'जलरंगाचा डिजिटल प्रिंट, कॉटन कागद, सही केलेला' असं लिहा. छपाईचा खर्च, पॅकिंग, दुकानाचा वाटा धरून जो येईल तो भाव लावा. मूळ जलरंगाची किंमत मात्र प्रिंटच्या कित्येक पट ठेवा. ते एकच आहे.

हातछापे विकले तर जीएसटी लागतो का? (सावर्डे)

तुम्ही सह्याद्री कलामहाविद्यालयाच्या गावचे, तुमच्याकडून हा प्रश्न यायचाच. वर सांगितलेल्या हातछाप्यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. पण तो नोंदणी असलेल्याने लावायचा. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीसाठी नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांकावर काम भागतं. खरी अडचण राज्याबाहेर पाठवताना येते. तिथे नियम कडक, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत, आणि त्यात आपलं काम बसतं का हे सीएला विचारूनच ठरवा. त्याची फी खर्चात धरा.

तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्यांना खोल्यांत लावायला सिंधुदुर्ग किल्ल्याचे ४० लिनोकट हवेत. 'एवढे घेतोय, ३०० ने द्या' म्हणतात. नंतर मेन्यूकार्ड आणि टी-शर्टवरही तेच चित्र वापरू म्हणाले. काम सोडायचं नाही. काय करू? (मालवण)

सोडू नका, पण चित्र आणि टी-शर्ट या दोन गोष्टी वेगळ्या करा.

आधी ४० प्रती. जास्त घेतल्या की स्वस्त, हे खोबरेल तेलाला लागू पडतं कारण तिथे घाणा एकदा फिरला की फिरला. लिनोमध्ये फक्त कापण्याचा वेळ वाटला जातो. कागद चाळिसांतही दर प्रतीला तेवढाच लागतो, शाई तेवढीच, आणि घासणं तर प्रत्येक प्रतीला नव्याने. तुमचा भाव १२०० असेल तर ४० प्रतींना १००० म्हणा, फार तर ९५०. ३००मध्ये खर्च आणि मजुरी जेमतेम सुटेल, हाती काही उरणार नाही. त्यांचं बजेटच १२,००० असेल तर १२ खोल्यांत १२ प्रती लावा म्हणावं. किंवा लहान आकाराचा, पोस्टकार्डाएवढा किल्ला करून द्या. भाव कमी करण्यापेक्षा काम कमी करणं केव्हाही बरं.

आता ज्यासाठी हे पत्र मी मुद्दाम निवडलं ते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र, पोर्ट्रेट किंवा एन्ग्रेव्हिंग केलं आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. आणि त्या कायद्यात एन्ग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट सगळं येतं. म्हणजे तुम्ही तोंडी 'हो' म्हणून किल्ला कापलात, तर टी-शर्टचे पैसे मागायला तुमच्याकडे आधारच राहणार नाही. उलट तोच किल्ला तुम्ही दुसऱ्या कुणाला विकलात तर तेच तुम्हाला विचारतील.

उपाय एका पानाचा आहे. लिनोला हात लावायच्या आधी लिहून घ्या: कॉपीराइट कलाकाराकडे राहील, या रकमेत खोल्यांत लावायच्या ४० प्रती, मेन्यूकार्डासाठी अमुक वर्षांची परवानगी, त्याचे इतके, टी-शर्ट विकायचे असतील तर नगामागे इतके. दोघांच्या सह्या. निम्मे पैसे आगाऊ. माणसं चांगली असतील तर पाच मिनिटांत सही होते. 'आमच्यावर विश्वास नाय काय?' असं कुणी म्हटलं तर चहा प्या आणि कागद परत पुढे करा.

मी पिंगुळीच्या चित्रकथीसारख्या आकृत्या लिनोत करतो. 'पारंपरिक चित्रकथी' लिहिलं की भाव चांगला येतो. (कुडाळ)

येत असेल. पण चित्रकथी पिंगुळीच्या ठाकर आदिवासी समाजाची, हाताने रंगवलेली आणि गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्याच कामासाठी मिळाली. तुम्ही कुडाळचे, पिंगुळी तुमच्या दारात. 'चित्रकथीवरून सुचलेलं' लिहा आणि तुमच्या कापण्याचा भाव लावा. त्यांच्या नावाचा भाव त्यांना मिळू दे.

पावसात पाठवलेल्या प्रती पुण्याला पोचल्या तेव्हा लहरल्या होत्या, एकीवर तपकिरी ठिपके. पैसे परत केले. शिवाय कुरियरने ३०० ग्रॅमच्या पाकिटाला एक किलोचे घेतले. हे भावात कसं बसवायचं? (वेंगुर्ला)

कुरियरवाल्याने बहुधा फसवलेलं नाही. बहुतेक जण आकारमानाचं वजन लावतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४५ बाय ३५ बाय ३ चं चपटं पाकीट म्हणजे जवळजवळ ९४५ ग्रॅम. तीच प्रत ४५ लांब, ८ रुंद, ८ उंच अशा नळीत गेली तर ५७६. पातळ कागद नळीत पाठवा. जाड कागद गुंडाळला की शाईला बारीक तडे जाऊ शकतात, तो चपटाच जाऊ दे आणि खर्च घ्या. 'फ्री डिलिव्हरी' लिहायची हौस असेल तर तो खर्च आधी किमतीत घाला.

ठिपके बुरशीचे. माझ्या बारा प्रती एका जुलैमध्ये अशाच गेल्या, आणि चूक माझीच: तेलाची शाई वरून सुकली वाटली म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. उघडल्या तेव्हा ओल्या गोणपाटासारखा वास. बारा प्रती गेल्या म्हणजे त्या एडिशनचा नफाच गेला. आता मी मेअखेर छापून मोकळी होते. प्रतींमध्ये बटरपेपर, भिंतीपासून वीतभर लांब, पेटीत सिलिकाच्या पुड्या, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की पेटी तासभर उघडी. पाठवताना प्लास्टिक सर्वांत बाहेर, प्रतीला लागून नाही.

आणि तरीही दहातली एक परत येईल असं धरा. त्या एकीचे १२०० उरलेल्या नऊंवर वाटले की प्रत्येकीवर साधारण १३३ चढतात, १३४० ठेवा. दिवाळीपर्यंत एकही परत आली नाही तर त्या पैशांचा पुढच्या मोसमाचा कागद येईल. पुण्याच्या हातकागद संस्थेत जाऊन एकदा ताव हाताने चाचपून आणा. फोटोत सगळे कागद सारखेच दिसतात.