नरक्या फुलतो, पण फळत का नाही?

प्रश्न : आंबोलीजवळ आमच्या रानात नरक्याचं झुडूप आहे. पावसाळ्यात भरपूर फुलतं, पण फळ धरत नाही. ओळखण्यात चूक झाली असेल का? रोपं कशी करावीत?

उत्तर : फुलं चुरगळून वास घ्या. नरक्याची फुलं पिवळसर पांढरी, लहान, फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येतात आणि घाण वास मारतात. पाकळ्या पाच, आतून केसाळ. पानं रुंद, फांदीच्या टोकाशी दाटलेली; पानाच्या तळाच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. एवढं जुळलं तर झाड नरक्याचंच. फळ न धरण्याचं कारण बहुतेक वेळा लिंगभेद असतो. काही झाडांवर नुसती नरफुलं येतात, काहींवर मादीफुलं, तर काहींवर द्विलिंगी. तुमचं झाड नर असेल तर कितीही खत घाला, फळ येणार नाही. आसपास दुसरं झाड शोधा.

रोपांसाठी फळं हिरवी असताना तोडू नका. लाल होऊन पुढं जांभळट काळी झाली की काढा. गर चोळून धुवा, बी उन्हात वाळवू नका, लगेच सावलीत पेरा. वाफ्यात पाणी साचलं तर बी कुजतं. उगवण सावकाश होते. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून वाफा उकरणं ही नेहमीची घाई.

प्रश्न : कॅन्सरच्या रुग्णाला सालीचा काढा देता येईल का?

उत्तर : अजिबात नाही. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून अमेरिकेत वेगळं काढलं मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी. नरक्यात ते सापडल्याचं १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक एन्झाइम त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. हे द्रव्य ती जोडणीच अडवतं. त्यामुळं अस्थिमज्जा आणि आतड्याच्या निरोगी पेशीही मरतात. शुद्ध द्रव्याच्या सुरुवातीच्या चाचण्या विषारी परिणामांमुळं थांबल्या होत्या. त्यात बदल करून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरवरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीही रक्ततपासणी करत, मोजून देतात. काढ्यात किती द्रव्य उतरलं, हे घरी कळणार कसं?

याच द्रव्यापायी मुळं आणि खोडासाठी अख्खी झाडं उपटली गेल्यानंच नरक्या विरळ झाला. कुणी व्यापारी विचारायला आला, तर झाड दाखवू नका.