सॉफ्टवेअरची नोकरी चाळिशीनंतर टिकते का, आणि त्यासाठी वावर विकावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: दारव्हा तालुक्यात घरची पाच एकर कोरडवाहू शेती, तुम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि तीन एकर विकून तुम्हाला पुण्यात ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या कोर्सला घालायची वडिलांची तयारी. त्यात पुण्याहून परत आलेला गावातला एक जण सांगतो, की या लाइनीत चाळिशी आली की घरी बसवतात आणि आता एआयनं उरलंसुरलंही संपवलं. खरं काय समजायचं?

आधी शेतीचं बोलतो, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं. वावर विकू नका. अजून इसार घेतला नसेल तर आज रात्रीच घरात हा विषय काढा. ‘हमी’ या शब्दाला करारपत्रात काय अर्थ दिलाय ते वडिलांना बसवून ओळ न ओळ वाचून दाखवा. नोकरी लागली नाही तर पैसे परत मिळतात का, किती दिवसांत, कुठल्या अटींवर? बहुतेक ठिकाणी हमी निघते ती मुलाखतीला पाठवण्याची, नोकरीची नव्हे. मागच्या बॅचमधल्या पोरांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा. जे शिकायला तुम्ही तिथे जाणार, त्यातलं पुष्कळसं आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांनी शिकवलेलं एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे लागतात ते फक्त परीक्षा द्यायची असेल तर. विकलेले तीन एकर मात्र फ्रेशरच्या पगारातून परत घेता येत नाहीत.

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. वीसेक वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय, त्यातली बरीच पुण्यात गेली, आणि लॉकडाऊनपासून गावातूनच काम करतो. आमची कंपनी लहान आहे, सहकारी बँकांचं सॉफ्टवेअर बनवते.

चाळिशीबद्दल तुमच्या गावचा माणूस खोटं बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार लोक, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार असं जाहीर केलं आणि त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीचे लोक असतील हेही सांगितलं. पण माणूस जातो तो वयामुळे नाही, हे नीट समजून घ्या. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं आहे. अठरा-वीस वर्षं काढलेल्याचा पगार त्याच्या सात-आठ पट असू शकतो. कंपनी ग्राहकाकडून माणसागणिक, तासागणिक बिल घेते. तेव्हा वर बसलेला कुणीतरी दर वर्षी हिशोब मांडतो: हा माणूस जे करतो ते पाच वर्षांच्या अनुभवाचा पोरगा करू शकेल का? उत्तर ‘हो’ आलं की त्याचं नाव यादीत जातं, मग तो पस्तिशीचा असो की पन्नाशीचा. पगार दरवर्षी वाढत गेला आणि काम मात्र दहा वर्षांपूर्वीचंच राहिलं, खरा धोका इथे आहे. मी जाताना पाहिलेले बरेचसे लोक हुशार होते. पण शेवटची काही वर्षं त्यांनी एक्सेलमध्ये इतरांच्या कामाची स्थिती भरण्यात घालवली होती.

याच्या उलट कोण टिकतं, ते एका उदाहरणानं सांगतो.

आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून ते शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. मार्चमध्ये नवं-जुनं कसं चालतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही: कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे उभे करायचे, जुनं कर्ज भरायचं, आणि लगेच नवं उचलून ज्याचे त्याला परत द्यायचे. आमच्या टीममधल्या एका चांगल्या तरुण प्रोग्रॅमरनं एआयच्या मदतीनं सवलत मोजणारं मॉड्यूल लिहिलं. कोड देखणा होता, सगळ्या टेस्ट पास. त्यात एक नियम असा होता, की एकाच कर्जदाराच्या नावावर जवळपास तेवढीच रक्कम एकदा जमा आणि लगेच नावे (म्हणजे उचल म्हणून) पडली, तर ती चुकीची नोंद उलटवलेली समजून दोन्ही वगळायच्या. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नियम एरवी शहाणपणाचाच आहे. पण इथे त्यामुळे नवं-जुनं केलेला प्रत्येक शेतकरी थकबाकीदार दिसला असता आणि त्याची सवलत गेली असती. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे त्याचा कोड तपासताना, ते माझ्या नजरेस पडलं, कारण मार्चअखेर बँकेसमोरच्या रांगेत मी वडिलांसोबत उभा राहिलेलो आहे. त्या तरुणाचं गणित माझ्याहून पक्कं आहे, एआयला तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भाषा येतात. पण हा पैसा कुणाचा, तो मार्चमध्येच का फिरतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की प्रोग्रॅमरनं एखादा धंदा आतून शिकावा. बँकिंग, दवाखाना, विमा, जिनिंग, काहीही. भाषा आणि साधनं येत-जात राहतात. माझ्या सुरुवातीच्या काळात व्हिज्युअल बेसिक ६ येणाऱ्याला मागणी होती. मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. वेबसाइटवर अ‍ॅनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर कित्येकांची घरं चालली. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं तेही बंद केलं. पण डेटाबेसमधून माहिती काढायची, १९७० च्या दशकात जन्मलेली एसक्यूएल ही भाषा मी आजही रोज लिहितो, आणि १९५९ मध्ये घडवलेली कोबोल ही भाषा जगभरच्या बँकांत अजून चालू आहे. डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम या तीन गोष्टी कॉलेजात कंटाळवाण्या वाटतात, पण पन्नाशीपर्यंत त्याच सोबत येतात. फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा, दोन महिन्यांत शिकता येतं, त्याच्या मागे आत्ता फार धावू नका.

एआयबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. त्याचा पहिला फटका चाळिशीवाल्यांपेक्षा तुम्हाला बसतो. फॉर्म बनवणं, रिपोर्ट काढणं, टेस्ट केस लिहिणं, ही फ्रेशरला पहिली दोन वर्षं दिली जाणारी कामं होती, आणि ती आता यंत्राकडून निघतात. २०२३-२४ या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो मिळून मनुष्यबळ सुमारे ६४ हजारांनी घटलं. तेव्हा परदेशी ग्राहकांनी खर्च आवरला होता, त्यामुळे सगळा दोष एआयला देता येत नाही, पण दार अरुंद झालं हे खरं आहे. यातून वाट एकच दिसते: दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक दाखवता आली पाहिजे. एखादा खुल्या स्रोताचा (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) प्रकल्प घ्या, त्यातला नोंदवलेला एक लहानसा दोष शोधा, दुरुस्त करून पाठवा. मुलाखत घेताना मी हेच पाहतो. पहिली नोकरी पुण्यातच हवी हा हट्टही सोडा. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस सगळे आहेत, आणि तिथे राहण्याचा खर्च बराच कमी.

आता जी गोष्ट कोर्सवाले कधीच सांगत नाहीत, ती. नोकरी जाणं हे या धंद्यात होणारच असं धरून चाला. २००८ ला झालं, २०२० ला झालं, पुढेही होईल. प्रश्न असतो की ती गेल्यावर किती महिने तग धरता येतो. बत्तिसाव्या वर्षी पुण्यात फ्लॅट, ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता महिन्याला सुमारे ५२ हजार, आणि तो बावन्नाव्या वर्षापर्यंत चालू. म्हणजे ज्या वयात धोका सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच वयात मान अडकलेली. नोकरी गेल्यावर असा माणूस सहा महिने काढून नवं काही शिकू शकत नाही, मिळेल ते पदरात पाडून घेतो आणि आणखी मागे पडतो. मी फ्लॅट घेतला नाही, म्हणून मला गावात परत येता आलं.

शेती यात किती आधार देते, याचंही खोटं चित्र नको. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरले तर दोन लाख. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा केलं की चांगल्या वर्षी निम्मे उरतील, बोंडअळीच्या वर्षी तेही नाही. एवढ्यावर शहरातला संसार चालत नाही. पण घरभाडं लागत नाही, ज्वारी-तूर घरची होते, आणि नोकरीविना एक वर्ष काढता येतं. त्या एका वर्षाची किंमत तुम्हाला आज कळणार नाही, पण माझ्या बरोबरीचे काही जण त्यासाठी काहीही द्यायला तयार होते.

आई-वडिलांचा आरोग्य विमा कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो संपतो, आणि तोवर वडिलांना शुगर लागलेली असली, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पहिल्या पगारापासून त्यांची वेगळी पॉलिसी काढा. स्वतःची पाठ आणि डोळे सांभाळा, वीस वर्षं त्यांच्यावरच काम आहे.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर पुन्हा बनवू नका, ते दर कॉलेजात चार तरी निघतात. तुमच्या गावच्या, पीककर्ज देणाऱ्या सेवा सोसायटीचं कर्जखातं घ्या. देशभरातल्या अशा सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्रानं २०२२ मध्ये मंजूर केली, त्यामुळे या कामाला पुढेही माणसं लागणार आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाजवळ आठवडाभर बसा. रजिस्टरमध्ये तो काय लिहितो, काय खोडतो, सभासद त्याला काय विचारतात ते वहीत टिपून घ्या, आणि कोडला हात त्यानंतर लावा.