एसटीचा मॉड विकायचाय, पण त्यातलं तुमचं किती?

प्रश्न : 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या गेमसाठी लाल एसटीचा मॉड (गेममध्ये बाहेरून जोडायची भर) केलाय. बॉडी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बनवली. टेक्श्चरसाठी (बॉडीवर चढवायच्या चित्रांसाठी) खोपट स्टँडवर फोटो काढले. चाकं आणि इंजिनाचा आवाज मात्र दुसऱ्यांच्या मोफत मॉडमधले आहेत. यूपीआयवर १९९ रुपयांना विकू का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आज आहे तसा विकू नका. बॉडी तुमच्या मेहनतीची आहे, चाकं आणि आवाज नाहीत. मोफत मिळालं म्हणजे पुढे विकायची मुभा मिळाली असं होत नाही. एप्रिल २०१५मध्ये स्टीम या गेमविक्रीच्या दुकानावर 'स्कायरिम' या गेमचे मॉड विकायला निघाले, तेव्हा इथेच घोडं अडलं. मासेमारीच्या एका मॉडमध्ये दुसऱ्याचं काम वापरलेलं निघालं आणि तो मागे घ्यावा लागला. मॉड करणाऱ्याच्या हाती विक्रीचे २५ टक्केच येत होते. लोक भडकले आणि चार दिवसांत योजनाच गुंडाळली गेली.

चाकांच्या मूळ कर्त्याकडून 'विक्रीच्या मॉडमध्ये वापरायला हरकत नाही' असं लेखी घ्या. नुसतं 'चालेल भावा' पुरत नाही. नाही मिळालं तर चाकं स्वतः बनवा. आवाज तर स्वतःच रेकॉर्ड केलेला बरा. चालकाला विचारून गाडी उभी असताना आयडलिंग (इंजिन नुसतं चालू) आणि वेगवेगळे आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) सुटे टिपा. मागे एखादा हॉर्न वाजला की तो तुकडा बाद, कारण तुकडा लूपमध्ये पुन्हापुन्हा वाजतो आणि तोच हॉर्न दर दोन सेकंदांनी ऐकू येतो. महामंडळाचं बोधचिन्हही विक्रीच्या फाइलमधून काढा.

हे सगळं जमलं तरी गेमचा परवाना आडवा येऊ शकतो. त्यात 'कमर्शियल' शब्द शोधून तो परिच्छेद पूर्ण वाचा. मनाई असेल तर विषय संपला. प्रत्येक गेमचं वेगळं असतं : 'माइनक्राफ्ट'चे मॉड विकता येत नाहीत, 'द सिम्स ४'मध्ये मॉड इतरांआधी देण्याचे पैसे घेता येतात, पण रास्त मुदतीनंतर तो सर्वांना मोफत द्यावा लागतो.

आमचं मत विचाराल तर मॉड मोफत ठेवा आणि परवान्यात बसत असेल तर ऐच्छिक मदत घ्या. १९९ रुपये भरलेला माणूस गेमच्या प्रत्येक अपडेटनंतर दुरुस्ती मागणारच. मॅनिफेस्ट फाइलमध्ये (मॉडची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) तो गेमच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो ते, उदाहरणार्थ '१.५०.*', असं स्पष्ट लिहा. गेम बंद पडला की आधी गेमच्या लॉग फाइलमधल्या (गेम स्वतः ठेवतो त्या नोंदींमधल्या) 'एरर'च्या ओळी मागवा. बहुतेक वेळा दुसऱ्याच मॉडशी टक्कर झालेली असते. यूपीआयसाठी रोजच्या मोबाइल नंबरचा आयडी देऊ नका, वेगळा काढा.