प्रोमिथियसमधले काउंटर, गेज, हिस्टोग्राम, समरी: कुठे काय लावायचं?

तुमचा प्रश्न असा, की प्रोमिथियस या सर्व्हर-ॲपवर नजर ठेवणाऱ्या साधनातले आकड्यांचे हे चारही प्रकार वाचून पाठ झालेत, पण स्वतःच्या ॲपमध्ये कुठे कोणता लावायचा ते उमगत नाही. छत्रपती संभाजीनगरात बसून माझा दिवस हेच डॅशबोर्ड बघण्यात जातो, म्हणून लिहितो.

व्याख्या बाजूला ठेवा. त्या आकड्यावर पुढे कोणतं गणित करणार, ते आधी ठरवा.

पावसाळ्यात जायकवाडीची बातमी आपण रोज वाचतोच. त्यातला उपयुक्त साठा वाढतो, दरवाजे उघडले की घटतो. हा गेज. मेमरी, डिस्कवर उरलेली जागा, रांगेत थांबलेले जॉब, सगळे याच जातीचे. शेजारी '१ जूनपासूनची एकूण आवक' दिलेली असते. ती फक्त वाढत जाते आणि पुढच्या १ जूनला परत शून्यापासून. हा काउंटर: एकूण रिक्वेस्ट, एकूण एरर. सर्व्हर रीस्टार्ट झाला की त्याचा १ जून! काउंटरच्या नुसत्या आकड्यात दम नाही. रेट फंक्शन लावून सेकंदाला किती ते काढायचं, धरणवाल्यांच्या क्युसेकसारखं. मधेच आकडा घसरला तर मोजणी शून्यापासून सुरू झाली, असं रेट धरून चालतं.

म्हणूनच गेजला रेट लावायचा नाही. प्रोमिथियस अडवत नाही, बिनदिक्कत उत्तर देतं. साठा ८० टक्क्यांवरून ७८ वर आला, तर त्याच्या हिशेबी धरण रिकामं होऊन पुन्हा ७८ भरलं. चार सर्व्हरच्या काउंटरची रेकॉर्डिंग रूलमध्ये (ठरावीक वेळाने हिशेब करून नवा आकडा साठवणारा नियम) आधी बेरीज करून मग रेट काढलात, तरी हीच गत: एक सर्व्हर रीस्टार्ट झाला की ग्राफवर खोटा सुळका. आधी रेट, मग बेरीज.

खरी गंमत हिस्टोग्राममध्ये आहे. तो प्रत्येक मोजमाप ठरावीक हद्दींच्या कप्प्यांत, म्हणजे बकेटमध्ये, मोजतो. समजा, रिस्पॉन्स टाइमसाठी ०.१, ०.५, १ आणि ५ सेकंदांचे बकेट ठेवले. १००० रिक्वेस्टपैकी ०.१ च्या आत ७००, ०.५ च्या आत ९००, १ च्या आत ९४० आणि ५ च्या आत सगळ्या १०००. बकेट असे एकात एक मोजलेले असतात, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. आता ९५ वा पर्सेंटाइल, म्हणजे ९५ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ; इथे ९५० वी रिक्वेस्ट. ती १ ते ५ च्या बकेटमध्ये पडते. त्या बकेटमधल्या ६० पैकी दहावी, म्हणून प्रोमिथियस सरळ रेषेत अंदाज काढून सांगतं: सुमारे १.६७ सेकंद. प्रत्यक्षात त्या साठही रिक्वेस्टना ४.८ सेकंद लागले असले तरी उत्तर तेच! बकेटच्या हद्दी रुंद ठेवल्या की असं होतं. ग्राहकाला २ सेकंदांचा शब्द दिला असेल, तर एक हद्द बरोबर २ वर हवीच. मग निदान किती रिक्वेस्ट शब्दात बसल्या, ते तरी अंदाजाशिवाय कळेल.

समरी पर्सेंटाइल ॲपमध्येच काढून पाठवते. एकाच प्रोसेससाठी ठीक. पण तीन सर्व्हरच्या ९५ व्या पर्सेंटाइलची सरासरी काढली, तर तो आकडा कशाचाच नसतो. मी स्वतः समरीच्या वाटेला जात नाही.

फक्त हिस्टोग्रामला लेबल (आकडा कोणत्या सर्व्हरचा, कोणत्या पानाचा अशी चिठ्ठी) बेताने लावा. लेबलच्या प्रत्येक नव्या मूल्यासाठी प्रत्येक बकेटची वेगळी टाइम सिरीज, म्हणजे वेळेनुसार साठवलेली आकड्यांची मालिका, होते. लेबलमध्ये यूजर आयडी टाकलात, तर पहिली रॅम प्रोमिथियसचीच संपेल.